कर्नलमधून जुनं काढताना

लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. चर्चा होते ती नव्या सुविधांची, पण जुन्या सुविधा काढण्यालाही तितकंच नियोजन लागतं. कर्नल बदलल्यामुळे लोकांचे चालू प्रोग्रॅम बंद पडता कामा नयेत, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा कडक नियम आहे. म्हणूनच इथे घाई चालत नाही.

जुना कोड का काढायचा?

वापरात नसलेला कोडही सांभाळावा लागतो. कर्नलच्या सामाईक भागात बदल झाला की त्यावर अवलंबून असलेलं सगळं बदलावं लागतं, मग चाचणीसाठी ते जुनं यंत्र हाताशी असो वा नसो. 1991 मध्ये लिनक्सची सुरुवात इंटेलच्या 386 प्रोसेसरवरच झाली. पण त्याच्यासाठी ठेवलेला खास कोड पुढच्या कामात सतत आड येऊ लागला, आणि 2013 मध्ये आलेल्या 3.8 आवृत्तीत 386 ला निरोप दिला गेला.

यादी आणि तिच्या मर्यादा

पूर्वी कर्नलच्या कागदपत्रांत एक फाइल असे. काय काढायचं, कधी, का आणि कोण काढणार, अशा चार नोंदी त्यात असत. उदाहरणार्थ, डेव्हएफएस ही उपकरणांच्या फाइल्स सांभाळणारी जुनी सुविधा काढण्यासाठी जुलै 2005 ठरला होता. पण तिचा सगळा कोड निघाला 2006 मध्ये. ही यादी अद्ययावत ठेवण्यातच कटकट फार आणि उपयोग कमी, म्हणून 2012 मध्ये ती फाइलच काढून टाकली.

रायझरएफएसचा निरोप

रायझरएफएस ही फाइल सिस्टिम 2001 मध्ये कर्नलमध्ये आली. पुढे तिची देखभाल जवळजवळ थांबली. तिच्या जुन्या स्वरूपाला 2038 नंतरच्या तारखाही नोंदवता येत नव्हत्या. 2022 मध्ये ती काढण्याचा विषय निघाला, तेव्हा आपण ती अजून वापरतो असं काहींनी कळवलं. मग 2025 ही मुदत ठरली. 5.18 आवृत्तीपासून अशी डिस्क माउंट केली की कर्नलच्या लॉगमध्ये थेट इशारा उमटू लागला. जानेवारी 2025 मध्ये आलेल्या 6.13 आवृत्तीत तिचा कोड उरला नव्हता.

इशारा कागदपत्रांत दडून न राहता वापरणाऱ्याच्या यंत्रावरच दिसला आणि तयारीला वर्षं मिळाली, हे या नियोजनाचं खरं यश.

आपण काय करावं?

कर्नल अपग्रेड करण्याआधी लॉग वाचा. असा इशारा दिसला तर बॅकअप घ्या आणि डेटा एक्स्ट4 किंवा एक्सएफएस या फाइल सिस्टिमवर हलवा. ती सुविधा तुम्हाला खरोखर लागत असेल, तर मुदत संपण्याआधी देखभाल करणाऱ्यांना कळवा. कोण काय वापरतं हे सांगितल्याशिवाय त्यांना समजणार नाही, आणि मुदत ठेवतात ती ते ऐकून घेण्यासाठीच.