कोयासानची सात्त्विक पंगत

जपानी भोजन म्हणजे मत्स्याहार, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते आणि ते बव्हंशी खरेही आहे. तेथे साध्या भाजीच्या रश्शातही बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. परंतु याच देशातील मठांच्या पाकगृहांत मांस, मासे व अंडी यांना मज्जाव करणारी एक पाकपरंपरा शतकानुशतके नांदत आहे. तिचे नाव ‘शोजिन र्‍योरी’. ‘शोजिन’ हा शब्द बौद्ध परंपरेतील ‘वीर्य’, म्हणजे साधनेतील उद्यम, या संस्कृत संज्ञेसाठी योजलेला आहे.

ही पंगत अनुभवावी ती वाकायामा प्रांतातील कोयासान पर्वतावर. आचार्य कूकाई यांना इ. स. ८१६ मध्ये सम्राटाकडून हे स्थान मिळाले. आज तेथील सुमारे पन्नास मंदिरे यात्रेकरूंना निवास व भोजन देतात. दाराशी पादत्राणे उतरवून आत जावे, चटईवर बैठक मारावी. समोर लाखकाम केलेल्या बुटक्या चौरंगावर लहान लहान वाट्या मांडल्या जातात. रश्शाला चव येते ती कोम्बु या सागरी वनस्पतीची व वाळवलेल्या अळंबीची. सोबत कोयासानचे गोठवून वाळवलेले ‘कोया-दोफु’, तिळाचे मऊ ‘गोमा-दोफु’, भात आणि लोणचे.

जेवणापूर्वी हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणावयाचे. ‘मी नम्रतेने स्वीकारतो’ असा त्याचा भाव. भातात काड्या उभ्या रोवू नयेत, कारण ती मृताला अन्न अर्पण करण्याची रीत आहे. झेन मठांत तर भोजनानंतर पात्र गरम पाण्याने धुऊन ते पाणी प्राशन करतात. थाळी धुऊन पिणाऱ्या आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांची येथे सहजच आठवण व्हावी.

मात्र साम्य पाहून निर्धास्त होऊ नये. येथे कांदा-लसूण वर्ज्य आहे, पण त्याचे कारण निराळे. उग्र वासाच्या या वनस्पती चित्त क्षुब्ध करतात, अशी तेथील धारणा. कंदमुळातील अनंत जीवांचा आपला विचार तिच्यामागे नाही. म्हणूनच मुळा, गाजर, कमळाचा कंद हे पदार्थ त्याच पंगतीत मानाने येतात. ‘कोन्न्याकु’ हा कंदाचाच पदार्थ. दुधी शुभ्र गोमा-दोफुमध्येही कुडझू वेलीच्या मुळांचे सत्त्व असते. केवळ ‘शाकाहारी’ म्हणून विचारणाऱ्याच्या हे ध्यानी येणार नाही.

मग व्रत राखावे की यजमानांचा मान? हा पेच पंगतीत बसल्यावर सुटत नाही. वाढलेले अन्न मागे ठेवणे तेथे ‘मोत्ताइनाइ’, म्हणजे मोलाच्या वस्तूची हळहळ वाटावी अशी नासाडी, ठरते. आणि उष्टे टाकणे आपल्यालाही संमत नाही. यास्तव निवासाची नोंदणी करतानाच काय चालत नाही ते नावानिशी, शक्यतो जपानी भाषेत लिहून कळवावे व ते शक्य आहे का, असे विचारावे. शक्य नसल्यास तो नकार आदराने स्वीकारून शिदोरी जवळ ठेवावी.

भोजन बहुधा सायंकाळी साडेपाच-सहाला वाढतात. जून-जुलैत सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे रात्रिभोजनत्याग सहज पाळता येतो. डिसेंबरात मात्र पाचच्या आतच सूर्यास्त होतो. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी वेळेचीही विनंती आधीच करावी. आपला नियम स्पष्ट सांगणे हा यजमानांचा अवमान नव्हे. त्यांचे श्रम व अन्न दोन्ही त्यामुळे सार्थकी लागतात.