स्फटिकाचे जनुक आणि बोंडअळी

कपाशीवर विषाचा पंप चालतो तो बहुधा शेतमजुराच्या पाठीवर. म्हणून अळीच्या विषाचे शास्त्र आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांनाही समजून घ्यावेसे वाटते.

बॅसिलस थुरिंजेन्सिस हा मातीत सापडणारा जिवाणू. १९०१ साली जपानात इशिवाता यांना तो रोगट रेशीमकिड्यांत आढळला. पुढे जर्मनीत बर्लिनर यांनी १९१५ साली त्याला हे नाव दिले. अन्न संपत आले की हा जिवाणू आपल्या पेशीत टणक बीजाणू घडवितो आणि त्याच्या शेजारी प्रथिनाचा एक स्फटिक रचतो. १९५४ साली कॅनडात अँगस यांनी दाखविले की, रेशीमकिड्याला लुळे करणारे विष या स्फटिकातच असते.

अळीच्या आतड्यातील रस अल्कधर्मी असतो. त्यात स्फटिक विरघळतो, पाचकरस प्रथिनाला छाटतात, आणि उरलेला भाग आतड्याच्या पेशींवरील ठरावीक जागी चिकटून भोके पाडतो. माणसाचे जठर आम्लधर्मी, आणि चिकटण्याची ती जागाही आपल्या आतड्यात नाही.

हा स्फटिक घडविण्याचा हुकूम कोठे लिहिलेला असतो? बहुधा जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नव्हे, तर प्लास्मिड नावाच्या सुट्या वर्तुळाकार धाग्यावर. हा धागा हरवला तर जिवाणू जगतो, पण स्फटिक घडवीत नाही; आणि तोच धागा दुसऱ्या जातीच्या जिवाणूत गेला तर तोही स्फटिक घडवू लागतो. १९८१ साली अमेरिकेत श्नेफ व व्हाइटली यांनी हे जनुक वेगळे काढून दुसऱ्या जिवाणूत बसविले. तेथून ते कपाशीपर्यंत पोहोचले. भारतात अशा बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली.

परंतु वारसा जसा जिवाणूला, तसाच अळीलाही असतो. लाखो अळ्यांत एखादीची ती चिकटण्याची जागा जन्मतःच बदललेली असते. शेतात सर्वत्र एकच विष असले की तीच वाचते आणि तिचाच वंश वाढतो. २००९ च्या हंगामात गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देईनाशी झाली. २००६ पासून दुसरे जनुक जोडलेले वाण होते. पुढे तेही तिच्यापुढे लंगडे पडले. २०१७ साली विदर्भात कपाशीची बोंडे किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती सारी फवारणी बोंडअळीसाठी नव्हती. पण जनुक निकामी झाले की पंप पुन्हा पाठीवर चढतो, हे उघड आहे.

उपाय ठाऊक आहेत. बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावल्या की साध्या अळ्या जगतात. त्यांच्या पतंगांशी संकर होऊन दाद न देणाऱ्यांचा वंश पातळ होतो. फरदड न घेता पऱ्हाट्या वेळेवर उपटल्या की गुलाबी अळीचा आसराच तुटतो. मात्र एका शेतकऱ्याने हे करून भागत नाही, कारण पतंग बांध ओळखत नाही. जनुकाची धार टिकविणे हे साऱ्या गावाने मिळून करावयाचे काम आहे. म्हणूनच आम्ही त्याला संघटनेचे काम म्हणतो.