हात मोकळे, लक्ष कुठे?

निपाणी-बेळगाव रस्त्यावर दुचाकीवाल्याने हेल्मेटात फोन खुपसलेला असतो, चारचाकीवाल्याने ब्लूटूथ जोडलेला. हटकलं तर दोघांचं उत्तर एकच : "हात मोकळे हायत की, काय होतंय?"

हातांचा प्रश्न फार थोडा आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये या विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. फोनवर बोलताना सिग्नल चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं. फोन हातात असो वा नसो, फरक पडला नाही. नुसता रेडिओ ऐकणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. पुढे २००३ मध्ये स्ट्रेयर यांच्याच गटाला आणखी चमत्कारिक गोष्ट आढळली. चालकांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर पडली होती, यंत्राने तशी नोंदही केली होती. पण फोनवर बोलणाऱ्यांना नंतर ते फलक धड ओळखता येईनात. डोळ्यांनी पाहिलं, मेंदूने घेतलं नाही.

ऊसहंगामात आपल्याकडे रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेले असतात, मागे कित्येकदा ना दिवा ना रिफ्लेक्टर. "ट्रॉली दिसलीच नाही" म्हणणारा फोनवर असेल, तर तो खोटं बोलतो असं नाही. त्याला खरंच दिसलेली नसते.

"मग शेजारच्याशी बोलतो, ते चालतं का?" बऱ्यापैकी चालतं. शेजारचा तोच रस्ता बघत असतो. तवंदी घाटाचा उतार लागला, पुढे कंटेनर आडवा आला, की तो आपसूक गप्प होतो, नाहीतर ओरडतो. पुण्याहून फोन करणाऱ्या मेहुण्याला घाट दिसत नाही. तो हिशेब विचारतच राहतो. (मागच्या सीटवर लग्नातल्या मानपानावरून भांडण पेटलं असेल, तर गोष्ट वेगळी.)

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की कायदा बदलतो, हा सीमाभागाचा खास समज. धोकादायक वाहन चालवण्याबद्दलचं कलम १८४ केंद्राच्या मोटार वाहन कायद्यातलं आहे, दोन्हीकडे तेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. त्यात उल्लेख हातात धरलेल्या फोनचा आहे, हे खरं. पण कायद्याने सोडलं म्हणून मेंदू सोडत नाही.

"फोनमुळे असे कितीसे मरतात?" सरकारी आकड्यांत २०२२ साली देशभर ३,३९५, म्हणजे एकूण १,६८,४९१ रस्तेबळींपैकी दोन टक्के. पण अपघातानंतर "मी बोलत होतो" असं कोण सांगणार? ऑस्ट्रेलियात पर्थच्या संशोधकांनी चालकांच्या शब्दावर विसंबून न राहता फोन कंपन्यांच्या नोंदी तपासल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष : फोन वापरताना जखमी होऊन रुग्णालयात पोचण्याइतक्या अपघाताचा धोका चौपट, आणि हात मोकळे असले तरी तितकाच.

राहता राहिला लाल सिग्नल. बेळगावच्या चन्नम्मा चौकात गाडी उभीच आहे, तेवढ्यात एक फोन उरकला तर बिघडलं काय? आवाजी आदेशाने फोन लावणाऱ्या चालकांवरच्या २०१५ च्या अमेरिकी प्रयोगांत, काम संपल्यावरही लक्ष पुरतं परतायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. ताशी ४० किलोमीटरने तेवढ्यात गाडी ३०० मीटर जाते. दिवा हिरवा होण्याआधी फोन ठेवला, तरी चौक या अर्धवट लक्षातच ओलांडला जाऊ शकतो.