घरातला छोटा रीफ टँक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायचा विचार बोलून दाखवला की दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, चार कॅन पाणी आणलं की काम फत्ते. दुसरा म्हणतो, हा पैसेवाल्यांचा नाद, आपल्या घरात नको. दोघंही चुकतात. ६० ते १०० लिटरचा टँक साध्या फ्लॅटच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं चांगला राहू शकतो. त्याला यंत्रं थोडी लागतात आणि नेम फार लागतो.

प्रवाळ, कोळंबी, क्लाउनफिश हे जीव ज्या समुद्रातले, तिथे पाण्याची क्षारता आणि त्यातलं कॅल्शियम वर्षभर जवळपास तेच राहतं, तापमानही हळूहळूच बदलतं. अशा जिवांना काचेच्या पेटीत आणलं की पाणी स्थिर ठेवण्याची सगळी जबाबदारी आपल्यावर येते. खालच्या बहुतेक गैरसमजांत नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

गैरसमज: समुद्राचं पाणी आणलं की झालं.

वस्तुस्थिती: रीफला, म्हणजे प्रवाळांच्या वस्तीला, हवं ते पाणी खुल्या समुद्रातलं. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात नाले, सांडपाणी, बोटींचं डिझेल आणि खाडीचा गाळ मिसळलेला असतो. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी उतरलं की खाडीच्या तोंडाशी क्षारता झपाट्याने खाली येते, म्हणजे मे महिन्यातलं पाणी आणि जुलैमधलं पाणी एक नसतं. शिवाय बंद कॅनमध्ये त्यातले सूक्ष्मजीव मरतात आणि पाणी कुजू लागतं. छोट्या टँकसाठी खात्रीचा मार्ग एकच: रीफसाठी तयार मिळणारं क्षारमिश्रण शुद्ध पाण्यात कालवणं.

गैरसमज: मीठ ते मीठ. खडेमीठ स्वस्त पडतं.

वस्तुस्थिती: समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के भाग सोडियम आणि क्लोराइडचा असतो. प्रवाळाचं जगणं मात्र उरलेल्या १५ टक्क्यांवरही तितकंच अवलंबून असतं. मिठागरात काय होतं ते पाहिलं की हे स्पष्ट होतं. पाणी आटत जातं तसं त्यातलं कॅल्शियम आधी जिप्समच्या रूपात खाली बसतं, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम शेवटी उरलेल्या कडवट पाण्यात राहतं. ते पाणी मिठापासून वेगळं काढलं जातं. म्हणजे आपल्या हाती येणाऱ्या मिठातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बहुतांशी गेलेलं असतं. त्या पाण्यात मासा तग धरेलही काही दिवस, पण कॅल्शियम वापरून वाढणारा कोणताही जीव वाढणार नाही.

क्षारमिश्रण एका लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं. ६० लिटरला सव्वादोन किलोच्या आसपास. आधी वेगळ्या ड्रममध्ये पाणी घ्यायचं, त्यात पंप सोडायचा आणि मिश्रण थोडं थोडं टाकायचं. उलट, मिश्रणावर पाणी ओतलं तर काही क्षार पांढरी भुकटी होऊन तळाशी बसतात आणि पुन्हा विरघळत नाहीत. मिश्रणाच्या सूचनेप्रमाणे ते फिरू द्यायचं आणि मग मोजायचं. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे पाहिलं की निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो, तिथला आकडा दर हजारी ३५ हवा. हे उपकरणही चुकतं. म्हणून ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने ते अधूनमधून तपासून घ्यावं. नुसतं शुद्ध पाणी टाकून शून्य जुळवणं पुरत नाही.

गैरसमज: स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालतं.

वस्तुस्थिती: पिण्याच्या आरओचा हेतूच वेगळा आहे. चवीसाठी अनेक यंत्रांत थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतात किंवा खनिजांचं कार्ट्रिज बसवतात. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत तर आरओनंतरही टीडीएस मीटर ५०-१०० दाखवू शकतो. त्यातलं नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट म्हणजे शेवाळाला खाद्य. टँकसाठी आरओनंतर उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा हवा आणि मीटरवर शून्य दिसायला हवं. सुरुवातीला वैतागून टँक मोडणाऱ्यांच्या दगडांवर जी तपकिरी आणि हिरवी साय धरलेली असते, तिचं मूळ पुष्कळदा या पाण्यातच सापडतं.

गैरसमज: पाणी नितळ दिसतंय, म्हणजे मासे सोडायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून तो सतत तयार होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. या दोन्ही वसाहती दगडाच्या सच्छिद्र पोटात आणि वाळूत रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले जीवाणू टाकले तर हा काळ कमी होऊ शकतो, पण चाचणी टळत नाही. टँकमध्ये थोडा अमोनिया मुद्दाम घालायचा आणि रोज मोजायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर येऊ लागले आणि नायट्रेट दिसू लागलं की टँक तयार झाला. त्यानंतरही पहिला मासा एकच, आणि दुसऱ्यासाठी दोन-तीन आठवडे थांबायचं, कारण जीवाणूंची संख्या खाद्याच्या प्रमाणातच वाढते.

गैरसमज: टँक जितका छोटा, तितका सोपा.

वस्तुस्थिती: इथे हिशेबच मांडून पाहू. टँकमध्ये ४० लिटर पाणी आहे आणि उन्हाळ्यात रोज एक लिटर उडतं. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. तीन दिवस गावाला गेलात तर ३७ लिटर उरतात आणि क्षारता ३५ वरून जवळपास ३८ वर जाते. तेच तीन लिटर ४०० लिटरच्या टँकमधून उडाले असते तर फरक मोजायलाही कष्ट पडले असते. एक कोळंबी मेली, खाणं जास्त पडलं, पंप बंद पडला, तरी हाच हिशेब लागू होतो. लहान टँकला जागा आणि पैसा कमी लागतो हे खरं, पण चूक झाली तर सावरायला वेळही कमी मिळतो.

उडालेल्या पाण्याची भर गोड्या शुद्ध पाण्यानेच घालायची. खारं पाणी घातलं तर क्षारता चढतच जाते, आणि नवशिक्यांची ही नेहमीची चूक आहे. काचेवर टेपने रेघ मारून रोज तिथपर्यंत पाणी आणलं तरी पुरतं. बाहेरगावी जाणं होत असेल, तर दिव्यांवरचा खर्च थोडा कमी करून आपोआप पाणी भरणारं साधन आधी घ्यावं.

गैरसमज: हे उष्ण कटिबंधातले जीव. आपल्या उकाड्यात मजेत राहतील.

वस्तुस्थिती: टँकचं पाणी २५-२६ अंशांवर असावं. एप्रिल-मेमध्ये बंद घरात, दिवे आणि पंप चालू असताना ते सहज ३१-३२ वर जातं. निसर्गातल्या प्रवाळाला नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एक अंशाची वाढ काही आठवडे सोसावी लागली, तरी तो आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेने प्रवाळ पांढरं पडण्याची चौथी जागतिक घटना जाहीर केली, त्यामागे हीच उष्णता होती. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे माशांचीही घुसमट होते.

पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरतं. पुणे, नाशिक, नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत त्याचा उपयोग फार कमी होतो, तिथे चिलर किंवा एसीची खोली हे खर्चात धरूनच निर्णय घ्यावा. लोडशेडिंगचाही विचार आधीच करावा. वीज गेली की प्रवाह थांबतो आणि काही तासांत प्राणवायू संपत येतो. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप अशा वेळी टँक वाचवतो.

गैरसमज: प्रवाळ म्हणजे रंगीत दगड. मालवणहून, अंदमानहून एखादा तुकडा आणला तर काय बिघडलं?

वस्तुस्थिती: प्रवाळ हा प्राणी आहे. झोअँथिड या मऊ जातीच्या वसाहतीवरून गोगलगाय सरकताना नीट पाहावं. तिच्या वाटेतले पॉलिप एकामागून एक मिटतात आणि ती पुढे गेली की काही मिनिटांत पुन्हा उघडतात. प्रत्येक पॉलिपला तोंड असतं आणि तोंडाभोवती स्पर्शकांची झालर असते. प्रकाशावर जगणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्यांना लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग तेच पुरवतं. म्हणून उजेड हवा. पण भसकन वाढवलेला उजेड त्यांना भाजतो. मऊ प्रवाळांना मध्यम प्रकाश पुरतो. दिवसाला आठ-नऊ तास ठेवावा आणि तीव्रता आठवड्या-आठवड्याने वाढवावी.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि सी फॅन येतात. वाघाचं नावही याच अनुसूचीत आहे. त्यामुळे ते समुद्रातून तोडणं किंवा त्यांची खरेदी-विक्री करणं गुन्हा ठरतो, आणि किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही घरी आणायचा नसतो. दुकानदार 'लाइव्ह रॉक' म्हणून जो दगड देतो, तो अनेकदा रीफचाच तोडलेला भाग असतो. त्याऐवजी कारखान्यात केलेले सच्छिद्र सिरॅमिक किंवा सिमेंटचे दगड घ्यावेत. जीवाणू त्यांतही तितकेच चांगले रुजतात. म्हणून आपल्याकडचा रीफ टँक मशरूम, लेदर, झोअँथिड अशा मऊ जातींभोवतीच उभा करावा, त्यांचाही स्रोत विचारावा आणि पक्कं बिल मागावं. मालवणचे प्रवाळ आणि कोकण किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून आत असलेली प्रवाळांची आंग्रिया बँक दोन्ही आधीच ताणाखाली आहेत. टँकच्या हौसेसाठी तिथला एक तुकडाही निघता कामा नये.

गैरसमज: क्लाउनफिशला अ‍ॅनिमोन हवाच, आणि सोबतीला निळा टँग.

वस्तुस्थिती: क्लाउनफिशला अ‍ॅनिमोन (समुद्रपुष्प) लागतो तो शिकाऱ्यांपासून वाचायला. टँकमध्ये शिकारीच नसतो, त्यामुळे तो अ‍ॅनिमोनशिवाय वर्षानुवर्षं जगतो आणि अंडीही घालतो. उलट अ‍ॅनिमोन चालत फिरतो, पंपात अडकून मरतो आणि छोट्या टँकचं सगळं पाणी नासवतो. निळा टँग जवळपास ३० सेंटिमीटर वाढतो, दिवसभर पोहतो. त्याला ६० लिटरमध्ये ठेवणं निव्वळ छळ आहे. क्लाउनफिश मात्र पैदास केलेलाच घ्यावा. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच विकसित केलं आहे, आणि महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाने ऐरोलीतही तसा प्रकल्प उभा केला आहे. पैदाशीचा मासा टँकला सरावलेला असतो, दाणेदार खाणं खातो आणि समुद्रातली संख्या कमी होत नाही.

गैरसमज: टँकमध्ये धोका कसला?

वस्तुस्थिती: काही झोअँथिडांत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय तीव्र विष असतं. असे दगड उकळत्या पाण्याने साफ करताना वाफेतून घरातल्या सगळ्यांना विषबाधा झाल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून उकळू नका, घासू नका, हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावा. टँकच्या खोलीत डासांचं लिक्विड किंवा स्प्रे वापरू नका. त्यातली कीटकनाशकं कोळंबी आणि खेकड्यांना थेट मारतात, आणि एअर पंप तीच हवा पाण्यात सोडतो. माशांच्या औषधातलं तांबंही अपृष्ठवंशीय जिवांना घातक असतं, त्यामुळे आजारी माशावर उपचार वेगळ्या टँकमध्येच करावेत. विजेच्या वायरी बोर्डाच्या पातळीखाली झोळ देऊन न्याव्यात म्हणजे ओघळणारं पाणी बोर्डात शिरणार नाही, आणि सर्किटला विजेच्या धक्क्यापासून वाचवणारा आरसीसीबी बसवून घ्यावा.

गैरसमज: एकदा लागला की टँक आपला आपण चालतो.

वस्तुस्थिती: दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणं, काच पुसणं, क्षारता आणि क्षारीयता (अल्कलिनिटी) मोजणं हा नेम आयुष्यभराचा आहे. क्षारीयता ८-९ डीकेएच, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. पण पुस्तकातला आकडा गाठण्यासाठी एका दिवसात औषधं ओतणं आणखी वाईट. क्षारीयता साडेसातवर महिनाभर स्थिर राहिली, तर ती आठवड्यात सातवरून दहावर नेण्यापेक्षा प्रवाळाला केव्हाही बरी.

म्हणूनच ज्याला सुरुवात करायची आहे, त्याला माझा आग्रहाचा सल्ला एवढाच: टँक, दगड आणि खारं पाणी आणा, प्राणी आणू नका. सहा आठवडे फक्त पाणी सांभाळा. रोज रेघेपर्यंत भर घाला, आठवड्याला पाणी बदला, आकडे वहीत लिहा, तापमान पाहा. सणवार, पाहुणे, ऑफिसची धावपळ यांतूनही हे जमलं, तर पहिला क्लाउनफिश निश्चिंत मनाने घरी आणा. नाही जमलं, तर टँक पुसून ठेवून द्या. एकाही जिवाला त्याची किंमत मोजावी लागली नसेल.