आटे झिजले तर?

डब्याचे झाकण सैल झाले, की आपण कागदाची घडी घालून भागवतो. रायफलीला हा उपाय चालायचा नाही बरं का! १८९८ च्या जर्मन माउझरमध्ये नळी ज्या पोलादी पेटीत आवळतात, तिला कारागीर ‘ॲक्शन’ म्हणतात. बार उडताना या दोघींना धरून ठेवतात ते आटे, इंचाला १२. आणि नेम धरणाऱ्याचा चेहरा तिथून जेमतेम वीतभरावर! आटे झिजले, तर नुसता टॅप फिरवू नये. तो जुन्याच वाकड्या वाटेने जातो. परवानाधारक कारागीर ॲक्शन लेथवर मध्य साधून बांधतो आणि आटे इंचाच्या काही हजारांशांनी मोठे कापतो. जुनी नळी आता सैलच. नव्या नळीचे आटे त्या मापाने पाडायचे. मग काडतूस बसण्याची खोली गेजने तपासायची. पोलादच पातळ पडत असेल, तर ॲक्शन सरळ मोडीत घालावी.