वेगाचे रंग

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून उलव्याच्या आकाशात प्रवासी विमानं खाली येताना दिसू लागली. त्यातली एखादी एअरबस ए-३२० बघताना मला कुतूहल वाटतं ते एकाच गोष्टीचं: हिला कुठवर ताणायचं, हे पायलटला कुठे सापडतं?

पलीकडच्या न्हावा-शेवा बंदरातल्या जहाजाचं सोपं आहे. किती बुडेपर्यंत माल भरायचा त्याच्या रेषा त्याच्या कुशीवरच रंगवलेल्या असतात. पावसाळ्यातल्या अरबी समुद्रासाठी तर भार कमी ठेवणारी खालची रेषा लागू होते. विमानाच्या मर्यादा मात्र आत, कॉकपिटमध्ये.

शिकाऊ पायलटांच्या सेसना १७२ एस मध्ये वेगाच्या डायलवर चक्क रंग फासलेले असतात. पांढरी कमान ४० ते ८५ नॉट: एवढ्यातच फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) पूर्ण उघडायचे. हिरवी १२९ पर्यंत, रोजच्या उडण्याची. पुढची पिवळी फक्त शांत हवेत. आणि १६३ वर लाल रेघ, म्हणजे ताशी साधारण ३०० किलोमीटर. तिच्यापुढे जायचंच नाही. ए-३२० मध्ये हेच काम पडद्यावरची लाल-काळी पट्टी करते, आणि ती जागची हलते! एरवी कमाल ३५० नॉट. फ्लॅप पूर्ण उघडले की तीच सीमा १७७ वर येते.

गंमत पुढेच आहे. सर्वांत महत्त्वाच्या वेगांपैकी एक डायलवर नसतोच. हवा खवळली की सेसना ज्या वेगाच्या आत ठेवायची, तो भरल्या विमानाला (११५७ किलो) १०५ नॉट, पण ८६० किलोच्या आसपास वजन असेल तर फक्त ९०. हलकं विमान अधिक जपून चालवायचं? हो, कारण वाऱ्याचा तोच झोत हलक्या विमानाला जास्त जोराने उसळवतो. वजनागणिक बदलणारा आकडा डायलवर रंगवणार कसा? तो पुस्तकात शोधायचा.

हे पुस्तक म्हणजे विमानाचं फ्लाइट मॅन्युअल. सेसनासारख्या छोट्या विमानांत त्याचा दुसरा विभाग निव्वळ मर्यादांचा: वजन, इंजिनाचे फेरे, कोणत्या कसरतींना परवानगी. हा विभाग नियामक संस्थेने मंजूर केलेला असतो. त्यातलं वाक्य सल्ला नसून बंधन असतं. आणि सेसनाच्या पुस्तकावर त्या एकाच विमानाचा अनुक्रमांक असतो. शेजारी उभ्या असलेल्या, हुबेहूब तशाच दुसऱ्या सेसनाचं पुस्तक याला चालत नाही.