मूळनलिका उपचारानंतरची वेदना

मूळनलिका उपचारानंतरची वेदना म्हणजे जंतुसंसर्ग झालेल्या दाताच्या मुळातील नलिका स्वच्छ करून भरल्यानंतर, किंवा या उपचाराच्या दोन भेटींच्या दरम्यान, त्या दातात व आसपास जाणवणारे दुखणे होय. बोलीभाषेत हा उपचार 'रूट कॅनल' या नावाने ओळखला जातो. ही वेदना बहुतेक रुग्णांत सौम्य ते मध्यम स्वरूपाची असते आणि काही दिवसांत आपोआप शमते. मात्र काही वेळा ती अपुऱ्या उपचाराचे किंवा पसरत्या संसर्गाचे लक्षण असते. त्यामुळे वेदना कमी करणे आणि धोक्याची लक्षणे वेळीच ओळखणे, असे तिच्या व्यवस्थापनाचे दोन भाग मानले जातात.

स्वरूप आणि कालावधी

उपचारानंतरची वेदना साधारणपणे पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असते व नंतर उतरत जाते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार उपचारापूर्वी सुमारे ८१ टक्के रुग्णांना वेदना होती. उपचारानंतर एका दिवसात हे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर आणि सात दिवसांनी सुमारे ११ टक्क्यांवर आले. चावताना किंवा दातावर बोटाने टिचकी मारल्यास दुखणे हे पहिल्या आठवड्यात सर्वसामान्य लक्षण आहे.

उपचारानंतर काही तासांत वा दिवसांत तीव्र वेदना, सूज किंवा दोन्ही उद्भवून रुग्णास ठरलेल्या तारखेपूर्वीच दवाखान्यात यावे लागल्यास त्या अवस्थेस 'फ्लेअर-अप' म्हणतात. ही अवस्था त्रासदायक असली तरी योग्य उपचार झाल्यास दात टिकण्याच्या शक्यतेवर तिचा सहसा विपरीत परिणाम होत नाही.

कारणे

दाताच्या आतील मऊ भागास दंतमज्जा म्हणतात. तीत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. कीड खोलवर गेल्यावर जंतू दंतमज्जेत शिरतात व ती मृत होते. दंतमज्जेच्या व मुळाच्या टोकाशी होणाऱ्या आजारास जंतूच कारणीभूत असतात, हे १९६५ साली जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांवरील प्रयोगातून स्पष्ट झाले. जंतू नसलेल्या उंदरांत दंतमज्जा उघडी पडूनही जिवंत राहिली, तर सामान्य उंदरांत ती नष्ट झाली.

उपचारात दंतमज्जा पूर्ण काढली जात असल्याने 'नस काढल्यावर दात दुखतोच कसा', असा प्रश्न रुग्णांकडून वारंवार विचारला जातो. नस दातातून काढली जाते. परंतु मुळाभोवती दाताला हाडाशी धरून ठेवणारा तंतूंचा थर व जबड्याचे हाड यांतील मज्जातंतू शाबूत असतात. तेथे दाह निर्माण झाला की वेदना जाणवते. या दाहाची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत:

नलिका साफ करताना जंतुयुक्त कण मुळाच्या टोकाबाहेर ढकलले जाणे.
धुण्यासाठी वापरलेले सोडियम हायपोक्लोराइट किंवा भरणद्रव्य टोकापलीकडे जाणे.
तात्पुरते वा कायमचे भरण उंच राहून प्रत्येक चावण्याला त्या दातावर अधिक दाब येणे.
एखादी नलिका न सापडणे. वरच्या पहिल्या दाढेतील चौथी नलिका अशा प्रकारे अनेकदा निसटते.
दाताला तडा असणे किंवा तात्पुरते भरण निघून लाळ आत शिरणे.

उपचारापूर्वीच तीव्र वेदना असणे हा नंतरच्या वेदनेचा सर्वांत भरवशाचा पूर्वसंकेत मानला जातो. दाढा व पुनरुपचार केलेले दात यांतही त्रासाचे प्रमाण अधिक आढळते.

दंतवैद्याच्या पातळीवरील उपाय

वेदनाशमनाचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे दातातील संसर्गाचा उगम दूर करणे. त्यासाठी नलिकांची लांबी अचूक मोजून त्या पूर्ण साफ करणे, रबर डॅम लावून लाळ दूर ठेवणे आणि दोन भेटींच्या दरम्यान दात घट्ट बंद करणे आवश्यक असते. पू साचला असल्यास तो दातातून किंवा हिरडीला छेद देऊन वाहू दिला जातो. दाब कमी होताच रुग्णास बहुधा लगेच आराम पडतो. चावताना दुखणाऱ्या दाताची उंची किंचित घासून कमी केल्यासही काही रुग्णांना लाभ होतो. बुपिव्हाकेनसारखे दीर्घकाळ टिकणारे बधिरीकरण वापरल्यास पहिले काही तास सुसह्य जातात.

उपचार एकाच भेटीत करावा की अनेक भेटींत, याविषयी मतभेद आहेत. दीर्घकालीन यश दोन्ही पद्धतींत जवळपास सारखे आढळते. एका भेटीत उपचार पूर्ण केल्यास पहिल्या आठवड्यातील वेदना मात्र काहीशी अधिक असू शकते.

वेदनाशामक औषधे

प्रौढांमध्ये आयबुप्रोफेन हे दाहशामक औषध प्रथम पसंतीचे मानले जाते. ४०० मिलिग्रॅमची मात्रा जेवणानंतर दर सहा ते आठ तासांनी दिली जाते. एवढ्याने भागत नसल्यास तिच्या जोडीला ५०० ते १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल दिले जाते. ही दोन औषधे भिन्न मार्गांनी कार्य करत असल्याने त्यांचा एकत्रित परिणाम कोणत्याही एका औषधापेक्षा अधिक असतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनने मान्य केलेल्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तीव्र दंतवेदनेसाठी दाहशामक औषधे, एकटी किंवा पॅरासिटामॉलसह, प्रथम सुचवली आहेत. पहिली मात्रा बधिरता उतरण्यापूर्वी घेतल्यास वेदना आटोक्यात ठेवणे सोपे जाते.

निरोगी प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ४ ग्रॅमपेक्षा अधिक पॅरासिटामॉल घेऊ नये. यकृताचा विकार किंवा नियमित मद्यपान असल्यास ही मर्यादा आणखी कमी असते. भारतीय बाजारातील अनेक संयुक्त गोळ्यांत ॲसिक्लोफिनॅक किंवा डायक्लोफिनॅकसोबत पॅरासिटामॉल असते. अशी गोळी आणि पॅरासिटामॉलची वेगळी गोळी एकत्र घेतल्यास एकच औषध दुप्पट पोटात जाते. दोन वेगवेगळी दाहशामक औषधे एकाच वेळी घेणेही धोक्याचे असते. दातदुखीसाठी लोकप्रिय असलेले केटोरोलॅक पाच दिवसांपेक्षा अधिक घेऊ नये.

जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, दम्यात दाहशामक औषधांची ॲलर्जी, रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे आणि डेंग्यूचा संशय या स्थितींत दाहशामक औषधे टाळली जातात. गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित मानले जाते. बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यास भारतात २०११ पासून मनाई आहे.

प्रतिजैविकांचे स्थान

प्रतिजैविके वेदनाशामक नाहीत. मृत दंतमज्जेत रक्तपुरवठा नसल्याने पोटातून घेतलेले औषध नलिकेतील जंतूंपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. ताप, पसरती सूज, गळ्यातील गाठी वाढणे किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असणे अशा परिस्थितीत ती उपचाराच्या जोडीला दिली जातात. उपचार न करता केवळ गोळ्यांचा 'कोर्स' घेतल्यास दुखणे काही काळ दबते, परंतु संसर्ग कायम राहतो व औषधांना न जुमानणारे जंतू वाढीस लागतात.

घरगुती काळजी व रूढ उपाय

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फाचा शेक, कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा, मऊ आहार व दुसऱ्या बाजूने चावणे हे निर्धोक उपाय आहेत. ओठ व जीभ बधिर असेपर्यंत खाऊ नये, अन्यथा गाल चावला जाण्याची भीती असते. लवंगेच्या तेलातील युजेनॉल काही अंशी बधिरता आणते. तथापि बंद केलेल्या दातात ते पोहोचत नाही आणि हिरडीवर थेट लावल्यास भाजल्यासारखी जखम होते. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवल्यानेही अशीच इजा होते. ग्रामीण महाराष्ट्रात दुखऱ्या दातावर मिश्री किंवा तंबाखू लावण्याची रीत आढळते. तिच्यामुळे व्यसन जडते, हिरड्यांचे आजार व मुखकर्करोगाचा धोका वाढतो आणि दुखण्याचे मूळ तसेच राहते.

बारामती व इंदापूर परिसर

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर हे तालुके ऊस व सहकारी साखर कारखान्यांसाठी ओळखले जातात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील छत्रपती आणि बिजवडी येथील कर्मयोगी हे येथील प्रमुख कारखाने होत. साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून चालणाऱ्या गाळप हंगामात मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोड कामगार येथे येतात. कामावर न गेल्यास 'खाडा' धरून पैसे कापले जात असल्याने दंतोपचाराची दुसरी भेट त्यांच्यासाठी महाग पडते. हंगाम संपल्यावर कामगार गावी परततात आणि तात्पुरते भरण केलेला दात अर्धवट राहण्याची शक्यता असते. अशा रुग्णांत शक्य तेथे एका भेटीत उपचार पूर्ण करणे, आणि ते शक्य नसल्यास भरलेल्या नलिकांची लेखी नोंद व क्ष-किरण चित्र रुग्णाच्या हाती देणे उपयुक्त ठरते.

बारामती येथे रौप्य महोत्सवी उपजिल्हा रुग्णालय व २०१९ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूर येथेही उपजिल्हा रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या दातांसाठी रुग्णांना पुण्यातील भारती विद्यापीठ किंवा सिंहगड यांसारख्या दंत महाविद्यालयांत जाता येते. बारामतीपासून पुणे सुमारे १०० किलोमीटर, तर इंदापूरपासून त्याहून दूर आहे. हे अंतर लक्षात घेता, पुढील लक्षणे दिसल्यास सकाळची वाट न पाहणे महत्त्वाचे ठरते.

धोक्याची लक्षणे

डोळ्याकडे, जबड्याखाली किंवा मानेकडे पसरणारी सूज.
तोंड पुरेसे न उघडणे, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास, जीभ वर उचलली जाणे.
थंडी वाजून ताप येणे.
तीन दिवसांनंतरही कमी न होणारी किंवा वाढत जाणारी वेदना.
खालचा ओठ दुसऱ्या दिवशीही बधिर राहणे.

यांपैकी पहिली तीन लक्षणे आढळल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते. जबड्याखालील दोन्ही बाजूंची पसरती सूज श्वासमार्ग बंद करू शकते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका उपलब्ध आहे. मधुमेही रुग्णांत संसर्ग वेगाने पसरत असल्याने त्यांनी विशेष दक्षता घेणे आवश्यक असते.

दीर्घकाळ टिकणारी वेदना

उपचारानंतर सहा महिने किंवा अधिक काळ वेदना राहणाऱ्या दातांचे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळले आहे. त्यांतील बऱ्याच रुग्णांत दुखण्याचा उगम दातात नसून जबड्याचा सांधा, चर्वणस्नायू, सायनस किंवा मज्जातंतूंत असतो. नेमके निदान होण्यापूर्वी पुनरुपचार केल्यास किंवा दात काढल्यास वेदना तशीच राहण्याची शक्यता असते.

हे सुद्धा पहा

दंतवैद्यक
दंतक्षय
वेदनाशामक
प्रतिजैविक